शहागंजातली तीन खाती

आमच्या कोर्टाच्या बाररूममध्ये मला 'ऑनलाइनवाल्या बाई' म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते मला पक्कं ठाऊक आहे, पण तो गृहस्थ आता न्यायाधीश झालाय, तेव्हा राहू दे. ठेवलं तेव्हा त्यात निव्वळ थट्टा होती. जमिनीचे दावे, भावकीच्या वाटण्या, घटस्फोट अशी भरपूर कामं समोर असताना ही बाई मोबाईलवरच्या दुकानांची भांडणं घेऊन बसते, म्हणजे हिला वकिली कळलेलीच नाही, असा एकूण सूर असायचा. आता तेच लोक मला जिन्यापाशी गाठून हळूच विचारतात, मॅडम, सुनेनं ऑनलाइन कुर्ते विकायला काढलेत, कायकाय लागतं हो? मी सांगते. फी घेत नाही. चहा मात्र त्यांच्याकडून घेते, आणि तोही बिस्किटांसकट.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून नीट कळलेलं नाही. तुम्ही मोबाईलवर एखादी वस्तू मागवता तेव्हा ज्या कंपनीचं नाव दिसतं ती कंपनी बहुतेक वेळा ती वस्तू विकतच नसते. ती फक्त बाजार भरवते. विकणारा असतो कुठल्यातरी गावातला, कुठल्यातरी गल्लीतला माणूस. गिऱ्हाइकानं तक्रार केली की कंपनी हात वर करते: आम्ही जागा दिली, बाकी विकणाऱ्याला विचारा. आणि विकणाऱ्यानं काही विचारलं की तीच कंपनी एकदम मालकाच्या थाटात बोलायला लागते. या दोन आवाजांच्या मधल्या फटीत माझी वकिली चालते.

आमच्या शहागंज बाजारात एखाद्या भाडेकरूला गाळ्यातून काढायचं म्हटलं तर मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागते. नोटीस, दावा, तारखा, अपील. गाळा रिकामा होईस्तोवर मालकाच्या नातवाला मिसरूड फुटतं. ऑनलाइन गाळा मात्र एका ओळीच्या मेलनं रिकामा होतो, आणि ती ओळही माणसानं लिहिलेली नसते. गिऱ्हाइकासाठी नियम बरे झालेत. तक्रार ऐकायला अधिकारी नेमा, त्याचं नाव पानावर लिहा, मुदतीत उत्तर द्या, असं कायदा कंपन्यांना बजावतो. विकणाऱ्याच्या पदरात मात्र काय, तर 'मला मान्य आहे' म्हणून बोट टेकवलेला लांबलचक करार. तो कुणी वाचत नाही. मी वाचते, आणि त्यावरच माझं घर चालतं.

माणसं मात्र एकेक नग भेटली. सिल्लोडचे एक गृहस्थ मक्याचं पीठ आणि रवा ऑनलाइन विकायचे. अशा मालाच्या पानावर वजन, किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता आणि माल कुठल्या देशात तयार झाला ते लिहावं लागतं. यांनी देशाच्या रकान्यात 'सिल्लोड' लिहून टाकलं होतं. वजनमापांच्या खात्याची नोटीस हातात घेऊन ते माझ्यासमोर बसले तेव्हा चांगलेच तापले होते.

"माल सिल्लोडचाच हाय ना, मॅडम? मग दुसऱ्या देशाचं नाव कशाला टाकू?"

मी म्हटलं, भारत लिहायचं होतं.

"ते तर समद्यालाच ठाव हाय की."

त्यांच्या बोलण्याला कायद्यात उत्तर होतं, व्यवहारात नव्हतं. दंड भरून प्रकरण मिटलं. त्यानंतर त्यांनी रकान्यात काय लिहिलं ते मी मुद्दाम पाहिलं: 'भारत, सिल्लोड'. मी ते तसंच राहू दिलं. ज्या शहराच्या निम्म्या कागदांवर औरंगाबाद आणि निम्म्यांवर छत्रपती संभाजीनगर आहे, तिथल्या वकिलानं पत्त्यांच्या बाबतीत फार शहाणपण शिकवू नये. कंपन्यांची यंत्रं अजूनही आमच्या लोकांना विचारतात, की तुमचं लाइटबिल एका शहराचं आणि करनोंदणी दुसऱ्या शहराची कशी?

शेंद्र्याचे एक जण कारखान्यात पाळी करून उरलेल्या वेळात घरचं लोणचं विकायचे. एका गिऱ्हाइकानं त्यांना एकच तारा दिला आणि लिहिलं, तेल फार आहे. हे थेट अब्रुनुकसानीचा दावा लावायला आले. "माझ्या मायच्या हातचं लोणचं हाय ते, त्याला नावं ठिवतो म्हंजे काय?" मी त्यांना समजावलं की चव आवडली नाही हे सांगायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे, आणि आईचं लोणचं आहे म्हणून कायदा वेगळा होत नाही. दाव्याऐवजी खाली उत्तर लिहा म्हटलं. त्यांनी लिहिलं, तेल कमी घातलं तर बुरशी येते, तुम्ही फोडी निथळून घ्या. ते उत्तर वाचून लोणचं मागवणारे इतके वाढले, की आता ते मला दर उन्हाळ्यात एक बरणी आणून देतात. तेल फार असतं, हे खरं आहे.

पण सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. गोधड्या विकणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. फार सुंदर टाके घालायची. कंपनीनं तिचं खातं बंद केलं, कारण विचारलं तर ठरावीक उत्तर. करारात लिहिलेलं होतं की भांडायचं असेल तर कंपनीच्या शहरात येऊन भांडा. ते शहर इतकं लांब, की तिथं वकील लावणं आणि तारखांना जाणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. ती शांतपणे उठून गेली. आता दुसऱ्यांच्या तक्रारी फोनवर ऐकायची नोकरी करते. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं कमी झालेलं नाही. पुढच्या वेळी भांडण आपल्या कोर्टाच्या आवारात ओढून आणायचं, एवढं मात्र मी तेव्हा मनाशी धरलं. कसं आणायचं ते ठाऊक नव्हतं.

मग शबाना आली.

या गोष्टीतल्या तिघांची नावं बदलली आहेत आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे. शबाना तिशीची, कॉमर्सची पदवीधर, नवरा शेंद्र्याला कारखान्यात. शहागंजातल्या एका अरुंद गल्लीत तिच्या सासऱ्यांचं लेस-बटणांचं जुनं दुकान. त्या दुकानाच्या अर्ध्या काउंटरवर तिनं हिमरूच्या शाली ठेवायला सुरुवात केली होती आणि बाकी सगळी विक्री ऑनलाइन. हिमरू म्हणजे आमच्या शहराचं सुती-रेशमी विणकाम, वर वेलबुट्टी. समोरच्या दुकानात महाजनकाका, साड्या आणि शाली, गल्लीतले सगळ्यांत जुने. त्यांच्या शेजारी रफिकभाई, शेरवानीचं कापड आणि शाली. तिघांचाही माल जवळपास एकच, म्हणजे तिघं एकमेकांचे स्पर्धक. निदान कागदावर तरी.

आता शहागंजची रीत सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. आमच्या या बाजारात गिऱ्हाइकासमोर 'नाही' म्हणायचं नसतं. गिऱ्हाईक हिरवी शाल मागतं आणि तुमच्याकडे हिरवी नाही, तर तुम्ही त्याला बसवता, पाणी देता आणि शेजारच्या दुकानातून हिरवी मागवता. विक्री तुमची. शेजाऱ्याचं काय ते संध्याकाळी आपसात. उद्या तो तुमच्याकडून निळी नेईल. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललंय आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

शबानानं ऑनलाइन दुकान काढलं आणि ते चालायला लागलं, तसे समोरचे दोघे म्हणाले, बेटा, आमचंही काढून दे. हिनं काढून दिलं. स्वतःच्याच लॅपटॉपवरून. गल्लीत कुरियरची गाडी शिरत नाही म्हणून तिघांनीही माल उचलायचा पत्ता एकच दिला: गल्लीच्या तोंडाशी असलेलं काकांचं गोदाम. शालींचे फोटो शबानाचे छान यायचे, म्हणून तेच तिघांनी लावले. जशी शाल शेजाऱ्याकडून आणायची तसा फोटोही आणायचा, त्यात विशेष ते काय?

मग रफिकभाईंच्या एका गिऱ्हाइकानं शाल उलटी करून पाहिली. हिमरूत नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला सुटे राहतात, ती विणायची रीतच आहे. त्याला वाटलं शाल उसवली. त्यानं तक्रार केली, मागोमाग आणखी काहींनी केली, आणि कंपनीनं खराब माल विकतो म्हणून रफिकभाईंचं खातं बंद केलं. इतक्यावर थांबलं असतं तर रफिकभाईंनी खुलासा करून मिटवलं असतं. पण कंपनीच्या यंत्रानं पाहिलं की याच लॅपटॉपवरून, याच पत्त्यावरून, याच फोटोंनी आणखी दोन खाती चालतात. यंत्राच्या लेखी याचा अर्थ एकच. एकच माणूस तीन नावांनी धंदा करतोय. तिन्ही खाती बंद.

लग्नसराई तोंडावर होती, तिघांच्याही शाली घडी घालून पडलेल्या. काका आणि रफिकभाईंना वाईट वाटलं, पण त्यांची दुकानं रस्त्यावर होती, समोरून गिऱ्हाईक येत होतं. शबानाचं तसं नव्हतं. मला ती बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणते. माझ्या ऑफिसात बसून ती शांतपणे म्हणाली, "बाजी, दुकान सासऱ्यांच्या नावावर, घर सासूच्या नावावर, गाडी शौहरच्या नावावर. त्याचं मला काही नाही, सगळे चांगले आहेत. पण ते खातं तेवढं माझ्या नावावर होतं. आता कंपनी म्हणते, तुम्ही वेगळ्या नाहीच. तुम्ही म्हणजे रफिकभाई."

तिनं कंपनीला लिहून पाहिलं होतं. आधारकार्ड, पॅनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळं पाठवलं. दर वेळी तेच उत्तर: आपलं खातं एका संबंधित खात्याशी जोडलेलं आढळलं आहे, निर्णय अंतिम आहे. तिची कागदपत्रं खोटी आहेत असं कुणी म्हणत नव्हतं. ती आहे, यावरच कुणाचा विश्वास नव्हता.

करार उघडला. भांडण कंपनीच्या शहरात, हे कलम होतंच. पण या वेळी मी आधीच शोधून ठेवलं होतं. मोठ्या रकमेच्या व्यापारी वादात, फार तातडी नसेल तर, कायदा सांगतो की दावा लावण्याआधी मध्यस्थी करून बघा. दोन्ही बाजू एका तटस्थ माणसासमोर बसतात आणि मिटतंय का पाहतात. मिटलं तर त्या समझोत्याला वजन असतं. आणि त्यासाठीचं केंद्र आमच्या कोर्टाच्या आवारातच आहे, वडाच्या झाडाच्या पलीकडे. दावा आमच्या शहरात लावा असं कंपनीचं कलम म्हणत होतं. मी दावा लावतच नव्हते. मी फक्त बोलायला बोलावत होते.

कंपनी यायला नकार देऊ शकली असती. कायद्यात तशी सोय आहे आणि बऱ्याच कंपन्या ती वापरतात. पण केंद्राची नोटीस यंत्राकडे जात नाही, ती कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर जाते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हे प्रकरण माणसाच्या हातात पडलं. होकार आला. मी त्या दिवशी बाररूममध्ये सगळ्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला. पुढं काय होणार ते माहीत नसताना पाजला, यावरून माझा स्वभाव तुमच्या लक्षात येईल.

पहिल्या बैठकीच्या आधीच कंपनीकडून रफिकभाईंना फोन आला. तोडगा सोपा होता. तुम्ही तिघं मिळून एकच खातं चालवा, रफिकभाईंच्या नावानं, कारण यंत्राच्या लेखी मूळ खातं त्यांचंच. ते लगेच सुरू करून देतो. काकांना हे पटलं. रफिकभाईंनाही पटलं, आणि त्यात त्यांची हाव नव्हती हे मी सांगते. मोसम हातचा जाऊ नये एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. काका शबानाला समजावू लागले, की नाव कुणाचं का असेना, तुझा माल तुझाच राहील बेटा, आम्ही काय परके आहोत का?

शबाना म्हणाली, "काका, नाव कुणाचं का असेना, तर माझं टाका की."

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमध्ये पाहिलं. वकिलानं कधी बोलू नये हे मला थोडंफार कळतं. शेवटी रफिकभाईच म्हणाले, "बरोबर बोलते ती. मला नको ते खातं." पण दोघांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की या पोरीच्या हट्टापायी हंगाम जाणार.

मध्यस्थीच्या खोलीत बोललेलं बाहेर सांगायचं नसतं आणि मी सांगणार नाही. पण पहिल्या बैठकीनंतर असं ठरलं की कंपनीचा अधिकारी व्हिडिओ कॉलवर गल्ली पाहील. गल्लीवर तर काही गुप्ततेचं बंधन नाही, तिथं सगळं जगासमोरच चालतं.

दुपारची वेळ ठरली. मी तिघांना बजावून ठेवलं होतं, रोज वागता तसंच वागा. काकांनी हे ऐकलं आणि इस्त्रीचा सदरा, वर जाकीट घालून बसले. मी मोबाईल हातात धरून आत शिरले तर त्यांनी मोबाईलला नमस्कार करून चहा विचारला. पलीकडचा अधिकारी चष्मा लावलेला तरुण गृहस्थ, हिंदीत बोलणारा, सभ्य. त्यानं काकांना सांगितलं, मी गिऱ्हाईक आहे असं समजा, मला जांभळी शाल दाखवा.

काकांकडे जांभळी नव्हती. मला ते दिसत होतं, मांडणीवर एकही जांभळी नव्हती. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते, आज एक दिवस 'नाही' म्हणा. काकांनी मोबाईलकडे बघून प्रसन्न हसत सांगितलं, बसा, दाखवतो. मग गल्लीकडे तोंड करून हाक मारली, "शबाना, जांभळी पाठव बरं."

जांभळी आली. काकांनी ती मोबाईलपुढं झोकात उलगडली आणि म्हणाले, ही बघा, आमचीच आहे.

अधिकारी मला उद्देशून म्हणाला की मॅडम, आमची सिस्टिम नेमकं हेच तर सांगत होती. इतके दिवस मांडलेलं सगळं काकांनी एका हाकेत उधळलं होतं, आणि त्यांना वाटत होतं आपण आपल्या गल्लीची शान राखली. खरं तर राखलीच होती.

पण अधिकारी सावध माणूस होता. त्यानं शालीची किंमत विचारली. काकांनी सांगितली. मग तो म्हणाला, पुढच्या दुकानात चला. मी मोबाईल घेऊन रफिकभाईंकडे गेले. त्यानं तशाच शालीची किंमत विचारली. रफिकभाईंनी बरीच जास्त सांगितली. अधिकारी म्हणाला, शेजारी तर स्वस्त मिळतेय.

"कितीला?"

त्यानं सांगितलं. रफिकभाई गादीवरून उठलेच. बाहेर येऊन काकांना म्हणाले की तुम्ही या भावात देता, म्हणून माझं बीडचं गिऱ्हाईक परत आलं नाही होय? काका म्हणाले, गिऱ्हाईक तुझं होतं कशावरून, त्याच्या कपाळावर लिहिलं होतं का? रफिकभाईंनी गेल्या ईदपासूनचं काढलं. काकांनी त्याच्याही आधीचं काढलं. दोघंही मोबाईल, कंपनी, वकील सगळं विसरले. लेसवाला, टिकल्यांवाला, समोरचा पानवाला, सगळे जमले आणि आपापली बाजू घेऊ लागले. मला मध्ये पडून ते थांबवता आलं असतं. मी भिंतीला टेकले आणि मोबाईल अजिबात हलणार नाही असा धरून ठेवला. इतका चांगला पुरावा आयुष्यात पुन्हा मिळाला नसता.

पडद्यावर अधिकारी हसू दाबत होता. पण दोन पुरुष वेगळे आहेत एवढंच त्यातून दिसलं होतं. माझी अशील तिसरी होती.

शबानाच्या काउंटरपाशी आलो तेव्हा त्याचा आवाज पुन्हा कामाचा झाला. त्यानं सरळ विचारलं, तिन्ही खाती तुमच्या लॅपटॉपवरून उघडली, फोटो तुमचे, आत्ता शालही तुमच्याकडून गेली. मग तिन्ही खाती तुमचीच आहेत असं का समजू नये?

शबाना डगमगली नाही. "साब, सिखाया मैंने दोनों को. मालिक मैं एक की हूँ."

मग तिनं त्याला सांगितलं, तुमच्यासमोर माझं पान उघडा आणि शेवटचा फोटो बघा. तिच्या प्रत्येक शालीच्या पानावर शेवटी उलट्या बाजूचा एक फोटो होता, आणि खाली ओळ: हे सुटे धागे हिमरूची खूण आहेत, शाल उसवलेली नाही, हवं तर आतून अस्तर लावून देऊ. तिच्या खात्यावर सुट्या धाग्यांची तक्रार आलीच नव्हती. काकांनी आणि रफिकभाईंनी तिचे समोरचे फोटो घेतले, पण हा मागचा घेतला नाही. मालाची उलटी बाजू गिऱ्हाइकाला आपण होऊन कुणी दाखवतं का, असं त्यांचं म्हणणं होतं. तिनं त्यांना पुष्कळदा सांगूनही पाहिलं होतं.

ती म्हणाली, तिन्ही दुकानं एकाच माणसाची असती, तर त्यानं हा फोटो एकाच पानावर ठेवला असता का? तक्रारी रफिकभाईंवर आल्या, माझ्यावर नाही, हे तुमच्या यंत्राला दिसायला हवं होतं. मी धंदा माझ्या डोक्यानं करते.

मी त्या बाईची वकील होते आणि हा मुद्दा माझ्या कागदांत नव्हता. तिन्ही पानं माझ्याही डोळ्यांखालून गेली होती. मला फक्त सारखेपणा दिसला होता, कारण त्यालाच उत्तर द्यायची मी तयारी करत होते.

अधिकाऱ्यानं पानं उघडली असावीत. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला की मॅडम, मी पुढच्या बैठकीला लेखी प्रस्ताव घेऊन येतो. फोन ठेवण्याआधी त्यानं शबानाला तिच्या नावानं, 'शबानाजी' म्हणून नमस्कार केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण वकिलाला ते चष्मा पुसायच्या निमित्तानं लपवता येतं.

समझोता झाला. काय झाला ते दोन्ही बाजूंच्या संमतीनं सांगता येतं. तिन्ही खाती वेगवेगळी, ज्याच्या त्याच्या नावानं सुरू. रफिकभाईंच्या तक्रारी पुसून टाकल्या, कारण माल खराब नव्हता, माहिती अपुरी होती. पुढं कधी यंत्राला ही तीन खाती एकच वाटली तर बंद करण्याआधी माणूस फोन करून विचारेल. आणि माल उचलायची जागा सामायिक आहे, अशी नोंद करायची सोय कंपनीनं जुन्या बाजारांतल्या सगळ्याच विकणाऱ्यांसाठी सुरू केली. हे शेवटचं मी मागितलेलंच नव्हतं. ते अधिकाऱ्यानं आपण होऊन घातलं. गल्ली पाहिल्याचा तो परिणाम होता असं मी मानते, आणि कुणी वेगळं सांगितलं तरी ऐकणार नाही.

यानं देशाचा कायदा बदलला नाही, हे मला कळतं. विकणाऱ्याला बाहेर काढण्याआधी त्याचं ऐकून घ्या, एवढी साधी गोष्ट अजून स्पष्ट शब्दांत नियमात यायची आहे. गाळ्याच्या भाडेकरूला जे मिळालं ते या भाडेकरूलाही मिळायला हवं, असं मी जिथं बोलवतील तिथं जाऊन बोलते, आणि न बोलावता लेखी सूचनाही पाठवते. पण आता आमच्याकडे वाट तरी आहे. त्यानंतर मी तीच वाट वापरून कितीतरी बंद खाती उघडवली. नव्या वकिलांना मी ती शिकवते. 'ऑनलाइनवाल्या बाई' म्हणताना आता कुणी हसत नाही, त्याची मात्र मला थोडी चुटपुट लागते.

सह्या झाल्या त्या दिवशी आम्ही सगळे केंद्राबाहेरच्या व्हरांड्यात उभे होतो. शबानाच्या मोबाईलवर खातं सुरू झाल्याचा निरोप आला. तिनं तो मला दाखवला, मग नवऱ्याला फोन करून सांगितला, मग नुसतीच स्क्रीनवरच्या आपल्या नावाकडे बघत राहिली. रफिकभाईंनी कुठूनतरी पेढे पैदा केले होते. काका मात्र विचारात पडले होते. त्यांनी पेढा हातातच धरला होता.

"शबाना," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी 'बेटा' म्हटलं नाही. "तो उलट्या बाजूचा फोटो आता मी पण टाकणार. आणि भाव तुझ्यापेक्षा कमी ठेवणार. आजपासून तुझी-माझी चढाओढ, आधीच सांगून ठेवतो."

शबानानं मोबाईल पर्समध्ये ठेवला. "चढाओढ पहिल्या दिवसापासून होती, काका," ती म्हणाली. "तुम्हाला आज कळली."